जबड्याचं स्प्लिंट आणि कानशिलातली डोकेदुखी: पाचपैकी तीन तारे

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. दंतवैद्याकडे माप देऊन करून घेतलेल्या कडक ॲक्रिलिकच्या स्प्लिंटला, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या कवचाला, माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. स्प्लिंट करायचं ठरण्याआधी जी तपासणी झाली, तिला पाचपैकी पाच. तपासणीनंतर हातात पडलेल्या व्यायामाच्या कागदाला साडेचार. अर्धा तारा कापला तो चित्रांसाठी, कारण त्या चित्रातल्या माणसाची जीभ नेमकी कुठे आहे हे कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि गरम पाण्यात मऊ करून दातांनी दाबून घ्यायचं ते तयार गार्ड, त्याला एक. तोही डबी बरी होती म्हणून.

मी लेखापरीक्षणाचं काम करते. दुसऱ्याने जुळवलेले आकडे खरोखर जुळतात का, हे बघत दिवस जातो. त्यामुळे एखादी वस्तू ‘डोकेदुखीवर रामबाण’ म्हणून समोर आली की आधी व्हाउचर मागायची सवय आहे. हा रिव्ह्यूही त्याच नजरेने लिहितेय. ज्यांची डोकेदुखी डोळे, सायनस, पित्त अशा सगळ्या खात्यांवर टाकून झाली आणि तरी बाकी शिल्लक राहते, त्यांनी वाचावा.

माझं दुखणं असं होतं: सकाळी डोळे उघडले की दोन्ही कानशिलं जड. उजवं जास्त. ठणका नाही, आवळल्यासारखं. आंघोळ होईपर्यंत थोडं सैल पडायचं आणि दुपारनंतर काम वाढलं की परत भरायचं. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटत नाही. कधी उजव्या कानात दडा बसल्यासारखं व्हायचं, पण कान तपासला की स्वच्छ. चष्म्याचा नंबर बदलून झाला. सायनसचा फोटो काढून झाला, त्यात काही निघालं नाही. ‘ताण कमी करा’ हा सल्ला तर इतक्यांनी दिला की त्याचाच ताण यायला लागला.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण बहुतेकांना ती माहीत नसते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी मुक्कामाला येऊ शकते. एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आणि मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्यांसाठी ही मर्यादा महिन्याला 10 दिवस. म्हणून कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी टिंब करायची पद्धत चांगली. डॉक्टरांसमोर ते पान ठेवलं की तोंडी वर्णनाचा अर्धा वेळ वाचतो.

तर तपासणी. नेहमीचा दंतवैद्य नाही, तर चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या दुखण्यांचंच काम करणाऱ्या एक डॉक्टर. खुर्चीत आडवं करून तोंडात दिवा मारतील असं वाटलं होतं. त्यांनी सरळ बसवलं आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं तोंड उघडायलाच लावलं नाही. नुसते प्रश्न. दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी? चावताना, जांभई देताना बदलतं का? जबडा कधी अडकला होता का, उघडा किंवा मिटलेला? झोपेत घोरता का? मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत का? (काही नैराश्यविरोधी औषधांनी दात आवळण्याची सवय लागू शकते, म्हणून हा प्रश्न. उत्तर देताना लाजू नये.) नजर अंधुक झाली का, डोक्याची कातडी विंचरताना दुखते का, खाताना जबडा दमून थांबावं लागतं का? हे शेवटचे तीन प्रश्न कशासाठी ते पुढे सांगते.

मग पट्टी निघाली. साधी, मिलिमीटरच्या खुणांची. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजलं. “दुखणार नाही इतकंच उघडा.” 34. “आता दुखलं तरी चालेल, जेवढं जाईल तेवढं.” 43. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 55 मिलिमीटर उघडतं, म्हणजे माझा दरवाजा उघडत होता, पण कुरकुरत. उघडताना खालचा जबडा आधी उजवीकडे झुकायचा, मग ‘कट्’ असा आवाज, आणि मग परत मध्यावर. त्यांनी समोर आरसा धरला तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं रोज दात घासताना आरशात पाहतेय, पण आपला जबडा नागमोडी उघडतो हे कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आवाजाचं स्पष्टीकरण सोपं आहे. कानाच्या अगदी पुढे, कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचं टोक बसतं आणि दोघांच्या मध्ये एक छोटी चिवट चकती असते. तोंड उघडताना ते टोक आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे सरकतं. शरीरातल्या फार थोड्या सांध्यांना ही दोन्ही कामं जमतात. चकती पुढे निसटलेली असली की सरकताना टोक तिच्यावर परत चढतं, तो ‘कट्’. डॉक्टरांनी लगेच पुढचं वाक्य जोडलं, ते इंटरनेटवरच्या निम्म्या जाहिराती गाळून टाकतात: “आवाज येतो म्हणून उपचार करायचे नसतात. दुखत नसेल आणि अडकत नसेल तर नुसत्या आवाजाला हात लावायचा नाही.” असा आवाज भरपूर लोकांना येतो आणि बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नाही.

खरा भाग त्यानंतरचा. दोन बोटं माझ्या उजव्या कानशिलावर, केसांच्या रेषेच्या जरा आत. दाब साधारण एक किलोचा; त्यांनी आधी स्वयंपाकघरात असतो तसल्या लहान वजनकाट्यावर बोट दाबून मला तो काटा दाखवला. दोन सेकंद दाबायचं, सोडायचं, बोट थोडं मागे, परत दाबायचं. कानशिलाचा पुढचा भाग, मधला, मागचा. मग गालाचा स्नायू, हाडाच्या कडेपासून जबड्याच्या कोनापर्यंत. प्रत्येक वेळी दोन प्रश्न.

“दुखतंय?”

“हो.”

“हे दुखणं ओळखीचं आहे? म्हणजे तुमची जी डोकेदुखी आहे, तीच ही?”

पहिल्या दोन जागांवर नुसतं दुखत होतं. दाबलं तर कुणालाही दुखेल. तिसऱ्या जागी मी बोलायचंच थांबले. सकाळची डोकेदुखी, दुपारी बारा वाजता, एका बोटाच्या टोकाखाली. मी म्हटलं, “डॉक्टर, हीच.” त्या म्हणाल्या, “आता दात घट्ट आवळून धरा.” दहा सेकंदांत डावीकडेही तसंच भरून आलं.

हे त्यांनी स्वतःच्या मनाने काढलेलं नाही. जबड्याच्या विकारांच्या निदानाचे निकष 2014 साली प्रसिद्ध झाले, जगभर आज तेच वापरतात, आणि त्यात जबड्यामुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा आहे. दुखणं कानशिलात हवं, जबड्याच्या हालचालीने किंवा दात आवळण्याने ते कमी-जास्त व्हायला हवं, आणि तपासताना रुग्णाला ते आपलं नेहमीचं म्हणून ओळखू यायला हवं. नुसतं ‘दाबल्यावर दुखलं’ पुरत नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या 2018 च्या तिसऱ्या आवृत्तीतही या डोकेदुखीचा वेगळा क्रमांक आहे, 11.7. माझ्यासारखीला हे ऐकून बरं वाटतं. ज्या खर्चाला खातं आहे, त्याचा हिशोब लागतो.

मग जबडा दुखतोय तर डोकं का दुखावं? कारण कानशिलातला स्नायू जबड्याचाच आहे. हातपंख्यासारखा तो कवटीच्या बाजूवर पसरलेला असतो आणि खाली निमुळता होत खालच्या जबड्याला जाऊन चिकटतो. कानशिलावर बोटं ठेवून दाढा आवळा, तो फुगलेला हाताला लागेल. रात्रभर किंवा दिवसभर तो आवळलेला राहिला तर दुखणार तिथेच, आणि त्या जागेला आपण डोकं म्हणतो. दुसरं कारण मज्जातंतूंचं. चेहरा, दात, जबड्याचा सांधा आणि मेंदूवरची आवरणं या सगळ्यांच्या वेदनेच्या तारा पाचव्या कपालतंतूतून, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या एका मज्जातंतूतून, जातात आणि मेंदूच्या देठाजवळ एकाच भागात येऊन मिळतात. तिथे कुठली तार कुणाची हा घोळ होतो, म्हणून सांध्याचं दुखणं कानात, दातात, भुवईवरही जाणवतं. माझ्या कानातल्या दड्याचा उलगडा बहुधा इथलाच.

ही ओळख जुनी आहे. जेम्स कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा डॉक्टरने 1934 साली कान, सायनस आणि डोक्याच्या तक्रारी जबड्याच्या सांध्याशी जोडल्या होत्या. त्याने सांगितलेली यंत्रणा, म्हणजे मागचे दात पडले की जबडा मागे सरकून नस दाबतो वगैरे, शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे खोडून काढली. पण ‘चावा (म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) बिघडला म्हणून सगळं बिघडलं’ हे पिल्लू त्याच काळात सुटलं आणि अजून फिरतंय. त्याचा प्रसाद मलाही मिळाला. या तपासणीच्या आधी एका दवाखान्यात, नाव घेत नाही, माझ्या कानशिलाला बोटही न लावता सांगितलं गेलं की चावा उंच करावा लागेल, सगळ्या दाढांवर कॅप बसवू. म्हणजे धडधाकट दाढा घासून बारीक करायच्या, कायमच्या. मी लेखी अंदाज मागितला. अंदाज आला, त्यात निदानाच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘डोकेदुखी’. तो कागद मी जपून ठेवलाय, नवीन मुलांना शिकवायला, की पावती अशी असली की सही करायची नाही.

आता वस्तूकडे येते.

स्प्लिंट म्हणजे दातांच्या एका पूर्ण रांगेवर बसणारं, पारदर्शक, कडक ॲक्रिलिकचं कवच. माझं वरच्या दातांवर आहे. जाडी दाढांपाशी साधारण दोन मिलिमीटर. वरून गुळगुळीत, म्हणजे खालचे दात त्यावर कुठेही रुतत नाहीत, सहज सरकतात. त्यासाठी दोन्ही जबड्यांची मापं घेतली. हल्ली बऱ्याच ठिकाणी स्कॅनर असतो, माझ्या वेळी दातांचा ठसा घ्यायचा तो थंडगार लगदाच होता. लगदा घशाकडे सरकतोय असं वाटलं की नाकाने श्वास घ्यायचा आणि पायाची बोटं हलवायची, ही युक्ती तिथल्या साहाय्यिकेने सांगितली. चालते.

पहिल्यांदा बसवलं तेव्हाचं काम मला सर्वांत आवडलं. निळ्या कार्बनसारखा पातळ कागद मध्ये धरायचा, “दात टेकवा, आता डावीकडे घासा, उजवीकडे, पुढे.” स्प्लिंट काढायचं, त्यावरचे निळे ठिपके बघायचे, जिथे जास्त गडद तिथे थोडं घासायचं, परत तोंडात. दोन्ही बाजूंना सारखे ठिपके येईपर्यंत हेच चाललं. घाई नाही, चिडचिड नाही. घरी आलेलं पार्सल फोडून तोंडात घालायच्या वस्तूत आणि यात फरक आहे तो एवढाच, आणि सगळा तोच.

पहिल्या रात्री लाळ. उशी ओली. दुसऱ्याही. तोंडात काहीतरी आहे म्हटल्यावर लाळग्रंथी आपलं काम इमानेइतबारे करतात. आठवडाभरात त्यांचा उत्साह मावळतो. ‘स’ आणि ‘श’ बोलताना शिट्टी वाजते, त्यामुळे ते लावून फोन घेऊ नये. सकाळी काढल्यावर थोडा वेळ दात नीट जुळत नाहीत असं वाटतं. काही मिनिटांत पूर्ववत होतं. ते दुपारपर्यंत टिकायला लागलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, हे मला बजावून सांगितलं होतं. पूर्ण रांग झाकणारं स्प्लिंट घ्या, या आग्रहामागेही तेच आहे: फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी साधनं मिळतात, ती दीर्घकाळ वापरली तर उघडे राहिलेले मागचे दात वर-खाली सरकून चावाच बदलू शकतो. शिवाय इतकी लहान वस्तू झोपेत घशात जाण्याची धास्ती वेगळीच.

स्प्लिंटने केलं काय? दात वाचवले, हे नक्की. काही महिन्यांनी प्रकाशात तिरकं धरलं तर उजव्या सुळ्यापाशी झिजेच्या चकचकीत रेषा दिसतात. त्या माझ्या दातावर उमटल्या असत्या, आता ॲक्रिलिकवर उमटल्यात. सकाळचं जडपण कमी झालं, पण गेलं नाही. ‘कट्’ आवाज जसाच्या तसा. दुपारच्या डोकेदुखीवर परिणाम जवळजवळ शून्य, आणि का असेल? दुपारी ते डबीत असतं.

तीन तारे का ते आता कळेल. 2023 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी एक मार्गदर्शिका आली. जुनाट म्हणजे तीन महिने किंवा त्याहून जास्त चाललेलं. त्यात ठाम शिफारस आहे ती वर्तनोपचाराची, म्हणजे सवयी आणि वेदनेकडे बघण्याची पद्धत यांवर केलेल्या कामाची. फिजिओने हाताने केलेल्या उपचारांची. देखरेखीखालच्या जबड्याच्या आणि मान-खांद्यांच्या व्यायामांची. आणि घरी करायचे व्यायाम, ताण देणं, नीट समजावून सांगणं याची. काढ-घाल करायच्या स्प्लिंटच्या बाबतीत शिफारस सौम्य आहे, पण ‘नको’च्या बाजूची. बोटॉक्सचंही तसंच. चावा कायमचा बदलणारी स्प्लिंट आणि चकती काढून टाकायची शस्त्रक्रिया यांना मात्र ठाम नकार. माझ्या डॉक्टरांनीही स्प्लिंट दुखण्यावरचा उपाय म्हणून विकलं नाही. “तुमचे दात झिजतायत, ते वाचवू. डोकेदुखीचं काम मुख्यतः दिवसा करायचंय.” विक्रेत्यानेच वस्तूची लायकी खरी सांगितली, असं क्वचित घडतं.

दिवसाचं काम म्हणजे काय, ते सांगते. जेवण आणि गिळणं सोडलं तर वरच्या आणि खालच्या दातांनी एकमेकांना टेकायचंच नसतं. ओठ मिटलेले, दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट, जीभ टाळूवर निवांत. एवढीच जबड्याची विश्रांतीची अवस्था. आता हे वाचताना तुमच्या दाढा टेकलेल्या असतील तर सोडा. मी माझे गाल आतून आरशात पाहिले तर दातांच्या रेषेत पांढरी आडवी खूण होती आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे. आवळतेय याचा पुरावा तोंडातच पडला होता.

मॉनिटरच्या कोपऱ्यात, फोनवर आणि गणकयंत्रावर मी लाल टिकल्या चिकटवल्या, त्या कोऱ्याच. दिसली टिकली की दात सोडायचे, खांदे खाली. पहिले काही दिवस प्रत्येक टिकलीला दात आवळलेलेच सापडले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं तेव्हा त्याला सांगितलं, तर तोच पहारेकरी झाला. “ताई, रक्कम जुळत नाही वाटतं, गाल उडतोय तुमचा.” बेरीज चुकते तेव्हा माझा गालाचा स्नायू उडतो, हे अख्ख्या ऑफिसला माहीत होतं म्हणे. मला सोडून.

व्यायामाच्या कागदावरचं मुख्य असं: जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला लावायचं, आणि ते सुटणार नाही इतकंच तोंड सावकाश उघडायचं-मिटायचं. आरशासमोर, जबडा सरळ रेषेत ठेवून. मग हनुवटीला हाताचा हलका विरोध देऊन तसंच. शेवटी गाल आणि कानशिलावर ओला गरम टॉवेल आणि बोटांनी मालिश. फिजिओने मानेचं वेगळं करून घेतलं, कारण मान पुढे काढून बसलं की जबड्याची ठेवण बदलते. हे सगळं कंटाळवाणं आहे. त्यात फोटो काढून दाखवण्याजोगं काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही दिसत नाही. दुपारचं दुखणं मात्र यानेच ओसरलं, आणि ते ओसरल्यावर सकाळचंही आणखी हलकं झालं. कॅलेंडरवर आता टिंबं शोधावी लागतात.

तयार गार्डबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मऊ, जाड, रबराचा वास. मऊ असल्यामुळे ते चावावंसंच वाटतं आणि काही लोक त्यावर अधिकच आवळतात. मी त्यांतलीच निघाले. ते लावून झोपलं की सकाळी गालही दुखायचे. खेळताना दात वाचवायला असली साधनं ठीक आहेत. तपासणी न करता डोकेदुखीसाठी घेऊ नयेत.

कडक स्प्लिंटची निगा सोपी: सकाळी गार पाण्याखाली मऊ ब्रशने, साध्या साबणाने. पेस्टने ओरखडे पडतात आणि त्यात वास धरतो. गरम पाणी अजिबात नाही, आकार बिघडतो. डबीला भोकं हवीत. घरात कुत्रं असेल तर डबी उंच ठेवा, असं दवाखान्यातच सांगतात. त्यांच्याकडे म्हणे या कारणासाठी परत येणारे बरेच असतात.

दवाखान्यात गेल्यावर काय बघायचं? कानशील आणि गाल बोटांनी चाचपले का, तोंड किती उघडतं ते मोजलं का, डोकेदुखीचा सविस्तर इतिहास घेतला का. मायग्रेन आणि जबड्याचं दुखणं एकाच माणसात बऱ्याचदा एकत्र असतं, तेव्हा ‘सगळं जबड्यामुळेच’ म्हणणाऱ्याकडूनही सावध राहावं. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. माझा काढला नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, चकती दिसत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी नुसत्या एक्स-रेवर ‘चकती सरकलीय’ म्हणणारा ओळखता येतो.

आणि ते तीन प्रश्न. वय पन्नाशीच्या पुढे, डोकेदुखी नव्याने सुरू झालेली, आणि सोबत कानशिलाची कातडी हात लावला तरी दुखते, खाताना जबडा दमतो किंवा नजर अंधुक होते, असं काही असलं तर स्प्लिंट, व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. तो कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा आजार असू शकतो आणि उपचार लांबले तर दृष्टी जाऊ शकते. अचानक आलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, हातापायांतली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, हेही तातडीचंच. चालताना, जिने चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, तर हृदय तपासून घ्यावं. हे सगळं माझ्या डॉक्टरांनी स्प्लिंटचं नावही काढण्याआधी विचारून घेतलं होतं, आणि तपासणीच्या पाच ताऱ्यांतला एक फक्त यासाठी आहे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. दाढ भरून घ्यायची, कॅप बसवायची किंवा नुसते दात साफ करायचे असले तरी जाताना स्प्लिंट बरोबर न्या. दाढेचा आकार जरा बदलला की ते नीट बसत नाही, आणि तिथल्या तिथे घालून बघितलं तर दोन मिनिटांत घासून जुळवता येतं. नंतर गेलात तर पुन्हा माप, पुन्हा तो थंडगार लगदा.